पेडल एक, दुखणी तीन: जुन्या व्हील हॉर्सचा गिअरबॉक्स आणि ब्रेक

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तरच्या दशकातला व्हील हॉर्स सी-१२०, म्हणजे बागकामाचा छोटा ट्रॅक्टर, आठ गिअरचा, बारा वर्षं शेडमध्ये उभा होता. इंजिन आता व्यवस्थित चालतं. पण पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर टाकताना करकर होते, ओझं आलं की तिसरा गिअर निसटतो, आणि चढावर थांबवला की ट्रॅक्टर मागे घरंगळतो. ब्रेकला नवा लायनर (पट्ट्याच्या आतला, ड्रमवर घासून पकड देणारा थर) बसवला होता, तो दोन आठवडे चालला आणि पुन्हा पहिले पाढे. गिअरबॉक्स खोलायचा का?

खोलावा लागेल, पण आज नाही. तीन तक्रारींपैकी करकरीचं कारण बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. निसटणारा गिअर आतलाच, पण त्याचीही एक बाहेरची शक्यता आधी पाहायची. ब्रेकचं दुखणं मात्र दोन्हीकडचं आहे आणि नवा लायनर वाया गेला तो त्यामुळेच. लायनर बदलला, पण गिअरबॉक्सचं तेल शाफ्टजवळ अडवणारी रबरी कडी, म्हणजे सील, गळत होतं आणि ते तसंच राहिलं.

आधी रचना डोळ्यांसमोर आणा. या ट्रॅक्टरला मोटारीसारखी क्लच प्लेट नाही. इंजिनाच्या पुलीवरून एक बेल्ट उजव्या बाजूने मागे येतो आणि गिअरबॉक्सच्या इनपुट पुलीला फिरवतो. बेल्टला ताण देणारी आयडलर पुली हाच क्लच. डावं पेडल दाबलं की आयडलर मागे सरते, बेल्ट सैल पडतो, आणि त्याच पेडलचा पुढचा प्रवास गिअरबॉक्सच्या डाव्या बाजूच्या ड्रमभोवतीचा ब्रेकचा पट्टा आवळतो. आठ गिअर म्हणजे पुढचे सहा आणि मागचे दोन: तीन गिअर व रिव्हर्सचा गिअरबॉक्स आणि त्याला हाय-लो रेंज, म्हणजे तेच गिअर जलद किंवा हळू चालवणारी जोडी. आतले गिअर सरकणारे आहेत, गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारा सिंक्रोनायझर नाही. म्हणून ट्रॅक्टर पूर्ण थांबवून आणि इनपुट पुली फिरायची थांबल्यावरच गिअर टाकायचा. चालता चालता गिअर बदलण्याची मोटारीची सवय इथे थेट दातांवर जाते.

पहिली तपासणी बाहेरून. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागचा भाग उचलून दोन्ही बाजूंना पक्के स्टँड द्या, चाकं अधांतरी ठेवा. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर ठेवून खाली हात घालू नका. बेल्टचं गार्ड काढा. गिअर न्यूट्रलला, पेडल पार्किंग लॅचने खाली अडकवलेलं, आणि इंजिन चालू करून बाजूला उभं राहून इनपुट पुलीकडे बघा. दोन-तीन सेकंदांत ती थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर करकरीचं कारण सापडलं. सैल बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि फिरता बेल्ट यांची गाठ पडू देऊ नका. बघून झालं की इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढून ठेवा आणि मगच हात घाला.

पुली न थांबण्याची कारणं मोजकी आहेत. बेल्ट चुकीचा असणं हे सगळ्यात जास्त वेळा दिसतं. साध्या मशिनचा व्ही-बेल्ट सैल पडला तरी पुलीला चिकटून राहतो. इथे आयडलर क्लचसाठी बनवलेला, कापडाचं आवरण आणि आत अॅरामिड धागा असलेला बेल्ट लागतो. लांबी-रुंदी जुन्या बेल्टवरून घेऊ नका, कारण तो ताणलेला असतो आणि आधीच्या मालकाने हाताला लागेल तो बसवलेलाही असतो. सीटखालच्या पाटीवरचा मॉडेल नंबर बघून भागांच्या यादीतून नंबर काढा. बेल्ट पुलीच्या खाचेच्या तोंडाशी समपातळीत किंवा केसभर वर बसायला हवा. खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर बेल्ट तळाला टेकतोय. मग पकड बाजूंनी येत नाही, आणि ताण कितीही वाढवला तरी तो घसरतोच.

दुसरं कारण म्हणजे बेल्टला आवरून धरणारे तारेचे मार्गदर्शक. ते वाकलेले असतात किंवा कुणीतरी काढून टाकलेले असतात. पेडल दाबल्यावर सैल बेल्ट बाहेर फुगतो, त्याला या तारा अडवतात आणि इंजिनाच्या पुलीवरून बेल्ट उचलला जातो. तारा नसतील तर बेल्ट पुलीवर लोळत राहतो आणि थोडंथोडं फिरवत राहतो. बेल्ट ताणलेला असताना तार आणि बेल्ट यांत दीड ते तीन मिलिमीटर फट ठेवा. ताणलेल्या बेल्टला तार घासता कामा नये. तिसरं कारण आयडलरच्या हाताचा खिळा. त्याचं भोक अंडाकृती झालं की पुली तिरपी बसते, बेल्टची एक कड कुरतडली जाते आणि पेडलचा प्रवास त्या ढिलाईतच संपतो. भोक गोल करून ब्राँझचं बुश घाला. वॉशर भरून चालवलेलं काम महिनाभर टिकतं.

आणि चौथं, जे तुमच्याकडे असण्याची दाट शक्यता आहे: ब्रेक फार घट्ट लावलेला असणं. ब्रेक धरत नाही म्हणून लोक पट्ट्याचा नट आवळत जातात. मग पेडल अर्ध्यावरच पट्ट्याशी अडतं आणि आयडलर पुरेशी मागे सरत नाही. ब्रेक सुधारायला गेलं की क्लच बिघडतो. म्हणूनच या ट्रॅक्टरवर ट्रान्समिशन आणि ब्रेक ही दोन कामं म्हणून करता येत नाहीत.

आता गिअर निसटण्याचं. खोलण्याआधी फेंडरमधली (मागच्या चाकांवरच्या पत्र्यातली) गिअर लिव्हरची फट बघा. फेंडर दबलेला असेल तर लिव्हर फटीच्या कडेला टेकते आणि गिअर पूर्ण आत जात नाही, अर्ध्या दातांवर चालतो. फेंडर सैल करून तिसऱ्यात चालवून बघा. तरी निसटत असेल तर आतलं काम आहे. लिव्हरच्या बुडाशी असलेलं रबरी बूट फाटलेलं असेल तर तेही लक्षात ठेवा. पाणी आत जाण्याची वाट तीच, आणि या गिअरबॉक्सच्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात पाण्यापासून होते.

तेल काढताना घाई करू नका. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी थंड असतानाच तळाचा प्लग अगदी हळू सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसलेलं असतं, म्हणून पहिल्या धारेत तेच येतं. आधी एका काचेच्या भांड्यात अर्धा कप घ्या. स्वच्छ पाणी आलं तर ते उभ्या-उभ्या साचलेलं आहे. तेल ताकासारखं पांढुरकं असेल तर पाणी असतानाच गिअरबॉक्स फिरवला गेलाय, आणि नीडल बेअरिंगला (सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगला) गंज धरला असं समजून चाला. मग चुंबक फिरवा. राखेसारखा बारीक करडा लेप ही नेहमीची झीज. चकाकत्या पापुद्र्यांचा अर्थ दात उडताहेत. सुईसारखे तुकडे आले तर बेअरिंग फुटलंय आणि त्यानंतर एक तासही चालवायचं नाही.

हब काढणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी पायरी ही. गिअरबॉक्स उघडणं त्यापुढे सोपं. मागचा हब, म्हणजे चाक ज्याला बोल्टांनी जोडतात तो भाग, सरळ अॅक्सलवर चावीने (दोघांच्या खाचांत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याने) आणि सेट स्क्रूने धरलेला असतो, आणि पन्नास वर्षांत दोघांचा गंज एक झालेला असतो. सेट स्क्रू नुसते सैल करू नका, पूर्ण बाहेर काढा. त्यांच्या भोकांतून गंज सोडवणारं तेल चार-पाच दिवस रोज सोडत राहा. पुढे आलेल्या अॅक्सलचा भाग पॉलिश पेपरने अगदी गुळगुळीत करा. त्या दोन-तीन सेंटिमीटर गंजावरूनच हबला बाहेर यायचं आहे.

अॅक्सलच्या टोकावर घण मारायचा नाही. तो मार आत डिफरन्शियलपर्यंत (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचापर्यंत) पोहोचतो, आणि अॅक्सलला आत अडवून ठेवणारी रिंग किंवा तिची खाच तुटते. हबच्या पट्टीला दोन नखांचा पुलर लावला तर ओतीव हबला चावीच्या खाचेपासून तडा जातो. अर्धा इंच जाडीची लोखंडी प्लेट घ्या, चाकाच्या पाच बोल्टांच्या मापाने भोकं पाडा आणि मध्ये मोठ्या बोल्टसाठी आटे पाडलेला नट वेल्ड करा. प्लेट चाकाच्या बोल्टांनी हबला जोडली की ओढ पाची बाजूंनी सारखी लागते. मधला बोल्ट आवळा, हबच्या गळ्यावर हातोडीने आजूबाजूला टकटक करा, पुन्हा पाव फेरा, आणि रात्रभर ताणात सोडून द्या. पुष्कळदा सकाळी एका ठोक्यात सुटतो. नाहीच सुटला तर प्रोपेनच्या टॉर्चने हबचा गळा तापवा, अॅक्सल नाही. गंज सोडवणारं तेल आणि अॅसिटोनचं मिश्रण पेट घेतं, म्हणून आधी ते पूर्ण पुसून आणि सुकवून. अॅक्सलचं सील जळेल, जळू द्या. ते बदलायचंच आहे.

हब निघाला की चावीची खाच तपासा. खाचेच्या कडा गोल झाल्या असतील किंवा हब अॅक्सलवर हाताने जरासा डुलत असेल तर नवी चावी पुन्हा कापली जाणार. हे फक्त ओढण्याचं नाही, ब्रेकचंही आहे. ब्रेक गिअरबॉक्सवर आहे, चाकावर नाही. त्यामुळे एका बाजूची चावी तुटली की तो अॅक्सल हबमध्ये नुसता फिरतो, आणि डिफरन्शियलमुळे दोन्ही चाकांची ओढ आणि ब्रेक एकाच क्षणी जातात.

गिअरबॉक्स उघडताना

बाहेरची माती आधी खरवडून, रॉकेलने धुऊन काढा. लिव्हरला धरणारा छोटा बोल्ट काढून लिव्हर वर उचला. गिअरबॉक्स जड आहे, खाली घेताना दुसरा माणूस किंवा ट्रॉली जॅक हवा. प्रत्येक शाफ्टच्या बाहेर आलेल्या टोकावरचे ओरखडे आणि चावीच्या खाचेच्या धारदार कडा कानशीने मोडा, नाहीतर शाफ्ट बाहेर येताना बेअरिंग खरडून जाईल. लाकडी चौकटीवर आडवा ठेवा म्हणजे अॅक्सल खाली लोंबता राहील. बोल्ट काढून वरचा अर्धा भाग सरळ वर उचला. दोन भागांच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं तर सपाट कडेला घाव पडतो आणि तिथून तेल पाझरतं.

शिफ्टच्या दोन रॉडांशी आलात की थांबा. रॉड आपापल्या जागी राहावेत म्हणून त्यांच्या खाचांत स्प्रिंगने दाबलेल्या गोळ्या बसलेल्या असतात. रॉड निघाला की गोळी उडते आणि ती मिळेपर्यंत काम बंद. रॉड ओढताना भोकावर कापड धरा.

तिसरा निसटण्याचं कारण या टप्प्यावर हातात येतं. सरकणाऱ्या गिअरचे दात टोकाकडून बघा. शेजारच्या न झिजलेल्या गिअरशी तुलना केली की लगेच कळतं: चांगल्या दाताची बाजू सरळ उभी, निसटणाऱ्याची टोकाकडे निमुळती. करकरीने दाताचं टोक झिजत जातं, दात पाचरीसारखा होतो, आणि ओझं आलं की ती पाचर गिअरला बाजूला ढकलते. म्हणजे करकर आणि निसटणं या दोन तक्रारी एकाच्याच, आधीच्या आणि नंतरच्या. दात निमुळते झाले असतील तर घासून नीट करण्यात अर्थ नाही, गिअर बदलावा लागतो, आणि त्याच्याशी जुळणारा दुसराही तपासावा लागतो. सुदैवाने या गिअरबॉक्सचे सुटे भाग मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरांतून मिळतात. दात चांगले असतील तर गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कची जाडी, रॉडवरच्या खाचेची कड आणि गोळीमागची स्प्रिंग बघा. स्प्रिंग बदलणं स्वस्त आहे, ती न बघताच बदला.

नीडल बेअरिंग जिथे फिरतं तिथे शाफ्टवर नख फिरवा. नख अडकलं तर खड्डा आहे, आणि त्या शाफ्टवर नवं बेअरिंग टिकणार नाही. बेअरिंग दाबून बसवताना ज्या बाजूला नंबर कोरलेला असतो तीच बाजू दाबायची. दुसरी बाजू मऊ असते, ती वाकते. डिफरन्शियल एकत्र धरणारे बोल्ट सैल झालेत का हे हाताने बघण्यापेक्षा पान्हा लावूनच बघा. सैल सापडले तर काढून, साफ करून, लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक) लावून मॅन्युअलमधल्या ताकदीने आवळा.

दोन भागांतलं पॅकिंग कागदाचंच असावं. त्याच्या जाडीवर शाफ्टची आडवी हालचाल अवलंबून असते. त्याऐवजी सिलिकॉनचा जाड थर दिला तर शाफ्ट सैल फिरतो, आणि आत फुगलेला सिलिकॉनचा तुकडा सुटून बेअरिंगमध्ये जातो.

सील बसवायला मात्र वेळ द्या. सगळी बदलायची, गळत असो वा नसो: इनपुट शाफ्टचं, ब्रेक शाफ्टचं, दोन्ही अॅक्सलची. चावीच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, त्यावर ग्रीस, आणि मग सील सरकवा. खाचेची कड सीलच्या ओठाला एकदा लागली की कापलं जातंच, आणि ते कळतं ते तेल भरल्यावर. शाफ्टवर जुन्या सीलने खळगा पाडला असेल तर नवं सील एक-दीड मिलिमीटर बाहेर बसवा म्हणजे ओठ न झिजलेल्या जागेवर चालेल. खळगा खोल असेल तर पातळ पोलादी बाही चढवा.

तेल सुमारे दोन क्वार्ट, म्हणजे १.९ लिटर. पण शेवटचा शब्द लेव्हलच्या खुणेचा. जास्त भरलं तर ते अॅक्सलच्या सीलमधून बाहेर वाट शोधतं. पाणी गेलेल्या गिअरबॉक्समधलं पहिलं तेल पाच तास चालवून गरम असतानाच काढून टाका.

ब्रेक

आता त्या दोन आठवड्यांत मेलेल्या लायनरकडे. पट्ट्याचा ब्रेक हा दोरीच्या वेढ्यासारखा काम करतो: ड्रम फिरताना पट्ट्याला स्वतःच आवळतो. पट्टा ड्रमभोवती पाऊण फेरा आहे आणि लायनरचं घर्षण ०.३५ आहे असं धरा. पेडलकडून पट्ट्याच्या सैल टोकाला १० किलोचा ओढा आला तर पुढे जाताना ड्रमच्या कडेवर सुमारे ४२ किलोचा अटकाव मिळतो. तोच ट्रॅक्टर मागे घरंगळू लागला की ड्रम उलटा फिरतो, पेडल आता ताणलेल्या टोकाशी लढतं, आणि त्याच १० किलोत फक्त ८ किलो मिळतात. लायनरवर तेल आलं आणि घर्षण ०.१ वर उतरलं की पुढे जाताना ६ किलो, मागे जाताना ४. तुमच्या ट्रॅक्टरला नवा लायनर असूनही चढावर ब्रेक नाही, त्याचं सगळं उत्तर या आकड्यांत आहे. लायनर चांगलाच होता. ब्रेक शाफ्टचं सील गळत होतं आणि तेल ड्रमच्या आतून कडेवर येत होतं.

म्हणून क्रम चुकवू नका: आधी सील, मग ड्रम, मग लायनर. तेल प्यालेला लायनर धुऊन वापरू नका, तापला की तेल पुन्हा वर येतं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टस असू शकतं. हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा, फडकं पिशवीत बंद करून टाका. ड्रम ब्रेक क्लीनरने धुवा, पण क्लोरीन असलेल्या क्लीनरने धुतलेला भाग ओला असताना वेल्डिंग किंवा टॉर्च जवळ आणू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ड्रमवर गंजाचे खड्डे असतील तर लेथवर हलका हात फिरवून घ्या. नुसता पृष्ठभागाचा गंज असेल तर पॉलिश पेपर पुरे.

लायनर रिव्हेटने लावताना मधल्या रिव्हेटपासून सुरू करून टोकांकडे जा. टोकांकडून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो, आणि तो ड्रमला एकाच जागी टेकून लवकर करपतो. पितळी अर्धपोकळ रिव्हेट घ्या, डोकं लायनरच्या पृष्ठभागाखाली निदान एक मिलिमीटर असावं. लोखंडी पॉप रिव्हेट वापरू नका, लायनर झिजला की ते ड्रमला नांगरतात.

मग रॉडची जोडणी. पेडलपासून पट्ट्यापर्यंतच्या पाच-सहा पिना प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झिजल्या तर एकूण तीन मिलिमीटर जातात. पेडलचा तरफेचा हिशोब पाचाला एक असेल आणि ही झीज पट्ट्याच्या बाजूची असेल तर पायाखाली पंधरा मिलिमीटर प्रवास नुसता वाया जातो. पिना नव्या घाला, भोकं भरून पुन्हा पाडा. हे काम कुणी करत नाही आणि मग नट आवळत बसतात.

शेवटी जुळवणी. आधी क्लच: ब्रेकचा नट पूर्ण सैल ठेवून पेडल दाबा, इनपुट पुली थांबते ते ठिकाण बघून घ्या. ते पेडलच्या प्रवासाच्या साधारण अर्ध्यावर असावं. मग ब्रेकचा नट आवळत या, असा की पट्टा पकडायला लागेल ते त्या जागेच्या पुढे, आणि पेडल पायपाटाला टेकण्याआधी चाक जाम व्हावं. पेडल सोडल्यावर ड्रम हाताने मोकळा फिरला पाहिजे. घासत असेल तर नवा लायनर पहिल्याच दिवशी करपेल.

तपासणी स्टँडवर संपत नाही. एक चाक हाताने फिरवलं की डिफरन्शियलमुळे दुसरं उलटं फिरतं, आणि ब्रेक धरलेला असतानाही ते तसंच फिरतं. म्हणून एक चाक ओल्या गवतावर असेल तर पार्किंग ब्रेक लावलेला ट्रॅक्टरही सरकू शकतो. सौम्य उतारावर, लो रेंजमध्ये, आधी तोंड खाली करून आणि मग तोंड वर करून ब्रेक तपासा. दुसरी चाचणी पास झाली तरच काम झालं, कारण तिथे पट्टा पाचपट कमकुवत असतो. चढावर उभा करायचाच असेल तर मागच्या चाकामागे ठोकळा ठेवा. पाच तासांनी तेल बदलाल तेव्हा हबचे सेट स्क्रूही पुन्हा आवळा, नवी चावी बसताना ते थोडे सैल पडतात.